लग्नाच्या भिंतीवरची सावली

लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणं हे माझं काम आहे. कधीमधी एखाद्या शाळेत बोलावतात, नारळ देतात, आणि कार्यक्रमाच्या शेवटी एखादी शिक्षिका हमखास विचारते, की मॅडम, तुम्ही या क्षेत्राकडे कशा वळलात? मी नागपूरच्या कॉलेजचं नाव सांगते, चार वर्षं लागली म्हणते आणि पाणी पिते. खरं सांगायला बसलं तर एका हत्तीपासून सुरुवात करावी लागेल, आणि तोवर मुलांची सुट्टीची घंटा होते.

आमच्या भंडारा जिल्ह्यात घरी लग्न निघालं की दर्शनी भिंत रंगवून घेतात. वर मोठ्या अक्षरांत शुभविवाह, त्याखाली नवरानवरीची नावं, तारीख, मध्ये कलश आणि दोन बाजूंना सोंडेत हार धरलेले दोन हत्ती. बौद्धांच्या घरी शुभविवाहाच्या जागी मंगल परिणय आणि हत्तींच्या जागी कमळं. लग्न होऊन त्या जोडप्याची पोरं शाळेत जायला लागली तरी नावं भिंतीवर असतात. पुढचं लग्न निघालं की मग त्यांच्यावर चुना फिरतो.

एकोडी हे माझ्या मामाचं गाव. तिथं आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांत हे काम तोच करायचा. आम्ही बौद्ध. मामानं आयुष्यात गणपतीला हात जोडले नाहीत, पण एका दमात गणपतीची सोंड काढावी तर त्यानंच. त्याबद्दल कोणी त्याची फिरकी घेतली की तो म्हणायचा, "देव लोकायचा, भीत लोकायची. आपला फक्त हात हाये जी."

आमचं घर वरठीला. बाबा तिथल्या पोलादाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला एकोडीला पाठवत, म्हणजे ऐन लग्नसराईत, आणि तिथं मामाच्या हाताखाली दोरा धरणं हे माझं काम होतं. सुती दोरा निळीच्या पाण्यात बुडवायचा, एक टोक मामाकडे, एक माझ्याकडे, भिंतीवर ताणायचा. मग मामा तो मधोमध चिमटीत उचलून सोडायचा. टप्प असा आवाज व्हायचा आणि भिंतीवर सरळ निळी रेघ उठायची. त्या रेघेवर अक्षरं बसायची. सहावीपासून बारावीपर्यंत, सात उन्हाळे, मी तो दोरा धरला. मामा फार बोलायचा नाही आणि मीही नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. हळूहळू तो मला पानं भरू द्यायला लागला, मग हारातली फुलं, मग हत्तीच्या पाठीवरची झूल. हत्ती मात्र नाही. हत्तीवरून पेंटर ओळखू येतो, असं त्याचं म्हणणं होतं. मामाचा हत्ती बाजूनं उभा असायचा तरी त्याचे दोन्ही डोळे दिसायचे. चारही पाय सारखे, खांबासारखे, आणि चेहरा असा, की लग्न त्याच्याच घरचं असावं.

शाळेत चित्रकलेचे सर होते. त्यांचा बहुतेक वेळ मतदार याद्यांत आणि स्नेहसंमेलनाच्या फळ्यावर जायचा, पण इंटरमिजिएट परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली तेव्हा ते एकदम जागे झाले. बारावी होताच बाबांना शाळेत बोलावून म्हणाले, हिला नागपूरला पाठवा, हिचा हात आहे. बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. माझी एक चुलत आत्या नर्स होती, पांढरी स्कूटी चालवायची, आणि आमच्या घरात भविष्य म्हटलं की ती स्कूटीच डोळ्यांसमोर यायची.

"चित्र काढून काय होते?" बाबांनी मला विचारलं.

मी रुसून बसले, दोन दिवस जेवले नाही, म्हणजे घरात जेवले नाही, शेजारी जेवले. तिसऱ्या दिवशी मामा एका वास्तुशांतीची भिंत रंगवायला वरठीला आला होता, त्याच्यासमोर बाबांनी निकाल दिला.

"मले चित्रातलं काई समजत नाई," बाबा म्हणाले. "एक वर्ष जा. वर्षानं तुहा मामा पाहीन आन सांगन, तुह्या हातात काई हाये का नाई. तो नाई म्हनला तं नर्सिंगचा फॉर्म भरायचा. मंग रडायचं नाई."

मी मामाकडे पाहिलं. मामानं मान हलवली. मला वाटलं, झालं, सुटले. हत्तीच्या झुली भरू देणारा माणूस मला नापास कशाला करेल?

प्रवेश परीक्षा झाली, यादीत नाव लागलं, आणि मी नागपूरला गेले. पहिल्या दिवशी समोर एक माठ ठेवला आणि काढा म्हणाले. बाकीची मुलं पेन्सिल हातात धरून, एक डोळा मिटून मापं घेत बसली होती. मी एका दमात माठ काढून मोकळी झाले. मामाकडे शिकलेली रेघ, कुठं थरथर नाही. शिकवणाऱ्या मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या.

"माठ छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हा तू पाहिलेला नाहीस. हा तुला पाठ आहे."

मग माझी पेन्सिल घेऊन तिनंच त्यांनी खऱ्या माठाकडे दाखवलं. त्याच्या कडेला काळी रेघ कुठं आहे, दाखव. नव्हती. जिथं उजेड संपत होता तिथं माठ संपत होता, आणि काही ठिकाणी तर संपतच नव्हता, मागच्या अंधारात मिसळून गेला होता. निसर्गात रेघ नसते, असं मॅडम म्हणाल्या. सात वर्षं मी जी गोष्ट ताणून धरत होते ती जगात नाहीच, हे ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन महिने मी चिडून कोळशानं कागद काळे करत होते. रेघ काढायची नाही म्हणून हातातला कोळसा आडवा धरायला लावत. नखं काळी, रुमाल काळा, वसतिगृहातल्या मुली माझ्यानंतर बेसिन वापरायला कुरकुरायच्या.

आणि मग एका दुपारी, काही कारण नसताना, मला सावली दिसली. वसतिगृहाच्या गॅलरीत एक प्लास्टिकची लाल बादली ठेवलेली होती. तिची सावली फरशीवर पडली होती आणि ती काळी नव्हती. बादलीजवळ लालसर, पुढं जांभळट, कडेला फिकी होत गेलेली. मी तिथंच उकिडवी बसले. ज्या मुलीची बादली होती ती येऊन, पाणी भरून, निघूनही गेली. त्यानंतर मी पार बिघडले. मेसमध्ये ताटाची सावली पाहत बसायची, रस्त्यात झाडाखालच्या रिक्षेची. आईचा फोन आला की सांगायची, "आई, सावली काळी नसतेच. तिच्यात रंग असतात."

"बराबर जेवून राहिली ना?" आई विचारायची.

वर्ष संपलं आणि मे महिन्यात मी एकोडीला गेले. मामाचं काम कमी झालं होतं. निम्म्या घरांनी भिंतीऐवजी नवरानवरीच्या फोटोचे फ्लेक्स लावायला सुरुवात केली होती. मामा त्याबद्दल तक्रार करत नव्हता, फक्त फ्लेक्सच्या समोरून जाताना तो सायकलचा वेग वाढवायचा. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं रंगांची पिशवी माझ्या हातात दिली.

"ही भीत तुही," तो म्हणाला. "हत्तीसकट. मी दुसऱ्या गावले जाऊन राहिलो. रविवारी तुहे बाबा येतीन, त्याहीले सांगा लागते ना मले."

म्हणजे ही माझी परीक्षा होती. घर गावाच्या टोकाला, एका धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं. मुलीचं लग्न, दुसऱ्या दिवशी हळद. भिंत सिमेंटची, नवी, पांढरी. दोऱ्याचं दुसरं टोक मी खिळ्याला बांधलं, रेघा मारल्या आणि सकाळी सात वाजता कामाला लागले. मी ठरवलं होतं की या भिंतीवर पाठ केलेलं काही काढायचं नाही. हत्ती काढायचा तर उभा राहिलेला हत्ती काढायचा. त्याच्या गुडघ्याला सुरकुत्या, पोटाखाली अंधार, एका बाजूनं दिसतो तर एकच डोळा. सकाळचं ऊन डावीकडून येतंय असं धरलं, म्हणजे सावल्या उजवीकडे जाणार. पायांखालून निघालेली लांब सावली मी जमिनीवर पसरवली. मागं भिंत आहे म्हटल्यावर डाव्या हत्तीच्या सोंडेची आणि हाराची सावली त्या भिंतीवर चढणार, हे उघड होतं. ती नवरीच्या नावावर पडत होती. पडत होती म्हणून मी ती पाडली. निळा, तपकिरी आणि थोडा काळा असा मिसळून मी सावलीचा रंग केला होता आणि तो मला मनापासून आवडला होता.

दुपारी रस्त्यानं जाणारा एक म्हातारा सायकलवरून उतरला. "बाप्पा! हत्ती खराच दिसून राहिला," म्हणाला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

चार वाजता घरातल्या बायका बाहेर आल्या. त्यांच्या पुढं नवरीची आत्या होती, लग्नासाठी पवनीहून आलेली, आणि घरात तिचाच शब्द चालतो हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. ती हत्तीच्या पायांपाशी वाकली.

"हे खाली काय सांडलं वं?"

"सावली आहे," मी म्हणाले.

"आन आमच्या पोरीच्या नावावर?"

"ती सोंडेची सावली."

"लग्नाच्या भितीवर काळं कोन लावते वं?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्त लागला. "आन तेही नवरीच्या नावावर? कायले लावलं?"

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण मी कॉलेजच्या मराठीत म्हणाले, "आत्याबाई, हा काळा नाही. हा जांभळट करडा आहे. नीट पाहिलंत तर त्यात निळा दिसेल." त्या सगळ्या बायकांनी खरंच नीट पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवरी दारापर्यंत आली होती, तिनं स्वतःचं नाव वाचलं आणि ती आत गेली. तिच्या बापानं खिशातून मोबाइल काढून मामाला फोन लावला.

मामा येईपर्यंत मी ओट्यावर बसून होते आणि मला एकेक आठवत होतं. मामाच्या पिशवीत काळ्या रंगाची बाटली असायची, पण ती दुसऱ्या रंगात थेंबभर मिसळायला. अक्षरांच्या कडा गडद निळ्या. हत्तीचं बुबुळसुद्धा चॉकलेटी. लग्नाच्या भिंतीला काळं लावत नाहीत, हे सात वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. आहे ते पाहायला मी नागपूरला जाऊन शिकले होते. जे मुद्दाम ठेवलेलंच नाही, ते पाहायला कुणी शिकवलं नव्हतं. मामाही एकदाही बोलला नाही, कारण त्याच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. पाणी ओलं असतं हे कोण कुणाला सांगतं?

मामा आला. सायकल लावली, माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीपासून लांब उभा राहिला, जवळ गेला, परत लांब आला. आत्याबाई त्याच्या कानाशी तक्रार करत होत्या आणि तो भिंत पाहत होता. इतका वेळ पाहत होता की मला वाटलं, हा आता सगळी भिंत पुसायला सांगणार. मग तो आत्याबाईंकडे वळला.

"बाई, पोरीचं काम अर्धं रायलं होतं जी," तो म्हणाला. "बोडी काढाची बाकी होती."

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. मामानं पिशवीतला निळा आणि हिरवा काढला आणि हत्तींच्या पायांखालची सगळी सावली पाण्याखाली घातली. गडद रंगावर निळा चांगला बसतो. वर त्यानं पाण्याच्या पांढऱ्या लाटा ओढल्या, कमळाची पानं टाकली, काठावर दोन बगळे उभे केले. सोंडेच्या सावलीची आंब्याची पानं झाली, त्या पानांचं तोरण झालं, आणि तोरणाखाली कोऱ्या जागेत नवरीचं नाव त्यानं लाल रंगात नव्यानं लिहिलं, आधीपेक्षा मोठं. तासाभरात माझा सगळा गुन्हा नाहीसा झाला होता. ज्या माणसाला मी वर्षभर मनातल्या मनात अडाणी ठरवत होते, त्यानं माझ्या चुकीतली एक रेघही वाया जाऊ दिली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली.

"आता कसं मस्त दिसते!" आत्याबाई म्हणाल्या, आणि आमच्यासाठी चहा आला.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मामानं हत्तींना हात लावला नव्हता. सुरकुत्या तशाच होत्या, पोटाखालचा अंधार थोडा हिरवा झाला होता एवढंच. दुसरा डोळाही त्यानं काढला नव्हता. परत येताना तो सायकल हातात धरून चालत होता आणि मी शेजारून. रागावेल, समजावेल, काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहत होते. बांधापाशी आल्यावर तो थांबला.

"तो घुडगा कसा काढला वं?" त्यानं विचारलं.

मी काडी घेतली आणि मातीत काढून दाखवला. हाड कुठं वाकतं, कातडी कुठं दुमडते. मामानं माझ्या हातातून काडी घेतली आणि शेजारी काढून पाहिला. जमला नाही. परत काढला. मग काडी टाकून दिली, धोतराला हात पुसला आणि पुढं चालायला लागला.

रविवारी बाबा मोटरसायकलवर आले. त्या भिंतीची बातमी त्यांना वाटेत साकोलीच्या चौकातच कुणीतरी दिली होती, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मामीनं पाणी दिलं. मी दारामागं उभी होते. नर्सिंगचा फॉर्म कुठं मिळतो, कितवीपर्यंतच्या गुणपत्रिका लागतात, याचा विचार मी आदल्या दिवशीच करून ठेवला होता. माझ्यासारखी माणसं हरायची तयारी आधी करतात, म्हणजे हरताना घाई होत नाही.

"बोला भाऊ," बाबा म्हणाले. "काय करायचं हिचं?"

मामा नखावरचा वाळलेला रंग खरवडत होता.

"भाऊजी, हे आता माह्या कामाची नाई रायली," तो म्हणाला.

बाबांनी सुस्कारा टाकला. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मला आतून दिसलं, आणि त्याचं मला आश्चर्य वाटलं. "म्हंजे जमत नाई तिले," ते म्हणाले.

"जमते. लय जमते. तो हत्ती पाहून मीच घाबरलो, भितीतून उतरते का काय म्हून. मले जल्मात तसा जमनार नाई. पन इथं कोनाले पायजे तसा हत्ती? इथं ठेवाल तं घरोघरी बोलनं खाईन. आन माह्यासारखी भीत तिच्या हातून आता होनार नाई. ते हातातून गेलं तिच्या."

"मंग हाये का नाई तिच्या हातात?" बाबांना हो की नाही तेवढंच हवं होतं.

"हाये," मामा म्हणाला. "पन आता इथलं नाई. शिकू द्या पुरं."

बाबांनी डोकं खाजवलं, अजून किती वर्षं ते विचारलं, तीन म्हटल्यावर बोटांवर तीन मोजले आणि बरं म्हणाले. झालं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. मी मागच्या अंगणात गेले आणि रडायला लागले, आणि थांबेना. थोड्या वेळानं मामा आला. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दारातून डोकावणाऱ्या मामीला सांगितलं, "पाय, कशी खुशीनं रडून राहिली पोट्टी."

मी खुशीनं रडत नव्हते. ज्याच्या शेजारी मी मोठी झाले त्या माणसानं मला त्या दिवशी कामावरून काढून टाकलं होतं, आणि ते माझ्याच भल्यासाठी असल्यामुळं त्याच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती. पण तो इतका समाधानानं हसत होता, की मी डोळे पुसून मान हलवली आणि त्याला तसंच वाटू दिलं.